शालूची चारशेची आणि माझी साडेसहाशे

"ते झाली," शालू फोनवर म्हणाली.

मी नुकताच तास संपवून बाहेर आले होते. बोटांना अजून खडू लागलेला होता. "काय झालं?" मी विचारलं.

"चारशेची. काल वावरात चालवली. तू कवा येतं ते सांग."

मी जिन्याच्या पायरीवरच बसले. मुलं बाजूनं उतरत होती, कोणी नमस्कार करत होतं.

या ब्लॉगवर मी इतक्या गाड्यांबद्दल लिहिलं, पण शालूबद्दल कधीच लिहिलं नाही, म्हणून आधी तिची ओळख. यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमच्या वर्षाला मेकॅनिकलला मुली दोनच होत्या. एक मी, जिल्हा परिषदेतल्या बाबूची मुलगी, गावातच राहणारी. दुसरी शालू, महागावकडच्या शेतकरी घरातली, होस्टेलवर राहणारी. कॉलेजसमोर एक चहाची टपरी होती. तिथल्या पत्र्याच्या टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून आम्ही मोटरसायकली काढायचो. कोणत्याच कंपनीनं न बनवलेल्या. भांडून भांडून शेवटी एक गाडी ठरली. चारशे सीसी, कारण त्याहून लहान इंजिन ओढणार नाही आणि मोठं पेट्रोल फार पिईल. मला तिला दोन सिलिंडर हवे होते. शालूला हवं होतं बाजूला तिसरं चाक, तेही नुसतं लोंबणारं नाही तर ओढणारं, आणि रिव्हर्स गियर. "वावरात मांगं फिरता आलं पाह्यजे," ती म्हणायची. पाणी वाळलं की गाडी गायब व्हायची. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा काढायचो.

डिग्री हातात आली त्याच सुमारास तिच्या वडिलांना लकवा झाला आणि ती शेतावर परत गेली. मी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले. फोन होत राहिले, पण चारशेचीचं नाव दोघींपैकी कोणीच काढलं नाही. मला वाटायचं ती विसरली असेल.

इकडे माझ्याकडे मागच्या हिवाळ्यात साडेसहाशे सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची गाडी, आली, आणि तुमच्यातल्या कितीतरी जणांनी विचारलं की ही नवी मध्यम ताकदीची गाडी आणि जुनी साडेतीनशेची बुलेट, दोन्ही चालवून एकदा खरं काय ते सांगा. शालूचे वडील नंतर गेले, पण त्यांची बुलेट तिच्या घरी अजून चालू होती. म्हणजे एकाच अंगणात तीन गाड्या: जुनी, नवी, आणि जी कधी नव्हतीच ती. मी रजेचा अर्ज टाकला.

दिवस पावसाळा संपत आल्याचे होते. आदल्या वर्षी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यात कापसाची पार वाट लावली होती. यंदा फवारणी जास्त, आणि फवारताना विषबाधा झाल्याच्या बातम्या पेपरात रोज. आई फोनवर म्हणाली, "याच दिवसांत कायले येतेस? दिवाळीत ये ना." दिवाळीपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं.

अमरावती ते यवतमाळ

पहाटे न निघता उजाडल्यावर निघा, हा माझा सल्ला. बडनेऱ्याच्या पुढे गुरं रस्त्यावर असतात आणि अंधारात दिसत नाहीत. रस्ता अरुंद, पण तेव्हा तरी बरा होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मध्ये तुरीचे हिरवे पट्टे.

नव्या गाडीचं कौतुक मला लपवता येत नाही. सहाव्या गियरमध्ये गाडी हळू आणा आणि एकदम मूठ पिळा. जुनी गाडी असती तर ठोके देऊन नाराजी सांगितली असती. ही नुसती निघते. नेरच्या अलीकडे एक बकरी झुडपातून थेट पुढ्यात आली. मी दोन्ही ब्रेक दाबले, लिव्हर बोटाखाली थरथरली, आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मागचं चाक तसूभरही सरकलं नाही. बकरी निघून गेल्यावर मी तिथेच बाजूला थांबले. चाक जाम होऊ न देणारी ही एबीएस यंत्रणा वर्गात मी फळ्यावर कितीतरी वेळा शिकवली आहे. पण आपला जीव तिच्या हवाली झाला तेव्हाच ती मला खरी कळली.

नेरला बसस्टँडजवळ चहा घेतला. कापूस बाजाराचं आवार सीझनआधीचं, रिकामं. दोन कुत्री आणि एक उभी बैलबंडी. टोपीवाले एक आजोबा गाडीभोवती फिरले आणि त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारायच्या ऐवजी भलताच विचारला.

"मांगं पोतं ठेवता येते काय?"

"नाही हो. सीट लहान आहे."

"मंग?"

मी हसले, तेही हसले, आणि त्यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

यवतमाळला मुक्काम आईकडे. तुम्हाला राहायचं असेल तर बसस्टँडच्या आसपास साधे, स्वच्छ लॉज मिळतात. सकाळी तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय गाव सोडू नका. आईनं गाडी अंगणात घ्यायला लावली, तिच्यावर जुनी चादर टाकली, आणि रात्री जेवताना हळूच विचारलं, "खरंच केली का शालूनं ते तीन चाकांची?"

म्हणजे आईच्या लक्षात होती.

यवतमाळ ते महागाव

आर्णीच्या दिशेनं रस्त्याचं काम जोरात चालू होतं. डांबर संपायचं, मुरूम लागायचा, मुरूम संपला की पुन्हा नवं कोरं काँक्रीट. टाकी आर्णीतच भरून घ्या. धुळीसाठी तोंडाला ओला रुमाल बरा.

धूळ संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. यंदा ती माणसाच्या उंचीला गेली होती. शेतात माणसं दिसत नव्हती, फक्त पाठीवरच्या फवारणी पंपांचा घरघर आवाज, आणि मधूनच पानांच्या वर एखादं फडकं बांधलेलं डोकं. वास हेल्मेटमध्ये शिरला, तिखट, घशाला लागणारा. मी काच खाली ओढली. मी पुढे निघून जात होते. ती माणसं त्यातच उभी होती.

महागावच्या पुढे मोठा रस्ता सोडून लहान डांबरी रस्ता, मग एक फाटा, आणि फाट्यापासून शालूच्या शेतापर्यंत पांदण. पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बंडीवाट, पूर्ण काळ्या मातीची. त्या दिवशी ती कोरडी होती. मी पायदानांवर उभी राहून, गचके खात, मजेत गेले.

शालूचं घर शेतातच आहे. ती दारात उभी होती. वेणी अर्धी पांढरी झालेली, पंजाबी ड्रेसवर भावाचा शर्ट, कोपरापर्यंत ग्रीस. तिनं आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. ती गाडीजवळ येऊन उकिडवी बसली आणि इंजिनच्या धातूच्या पंखांजवळ तळहात धरला.

"दोन सिलिंडर," ती म्हणाली.

"हो."

"तुले पाह्यजे होते, भेटले. चालू कर."

मी बटण दाबलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग उठली आणि मला तशा ग्रीसच्या हातांनीच मिठी मारली. माझं जॅकेट अजून तसंच आहे.

गोठ्यामागे ताडपत्रीखाली चारशेची उभी होती.

ताडपत्री काढली तेव्हा काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. मी ती गाडी पाहिलेली होती. पाण्यानं काढलेली, शेकडो वेळा. आता ती लोखंडाची होती. इंजिन साडेतीनशेचं, जुन्या बुलेटचं, पुसदच्या भंगारातून आणलेलं. मागचा अख्खा अॅक्सल आणि रिव्हर्स गियर एका मोडीत निघालेल्या ऑटोचा. तो अॅक्सल डावीकडे लांब करून बाजूच्या चाकाला जोडलेला, म्हणजे तिसरं चाक खरोखर ओढणारं. बाजूला माणसाच्या लांबीचा सांगाडा, लोखंडी अँगलचा, त्यावर खाटेला विणतात तशी निवार. चाकांवरची मडगार्डं चांगली वीतभर वर उचललेली.

"इतकी वर काहून?" मी विचारलं.

"माती जायले जागा पाह्यजे ना."

"चारशे सीसी कुठे आहे मग?"

"साडेतीनशेच आहे. पन नाव तेच ठेवलं. आपन ठेवलं होतं ना."

तिचा धाकटा भाऊ गजानन मागे उभा होता. तिशीतला, काटक, डोळ्यांत सतत हसू. वेल्डिंग त्यानं केलेलं. बहिणीला तो 'मोठी' म्हणायचा. त्याची बायको रंजना पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "दोघं भाऊ-बहीण ठिणग्या उडवत बसत, ताई. इकडे भाकरी थंडी होये. मी म्हनलं, मले काय इंजिनाले जेवन द्यायले लावलं आहे का."

दुपारी आम्ही डांबरी रस्त्यावर बुलेट आणि माझी ट्विन आलटून पालटून चालवली. ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: त्या जुन्या बुलेटचे गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. पहिला गियर वर, बाकीचे खाली. किक मारायच्या आधी डीकॉम्प्रेशनची छोटी लिव्हर दाबायची, अँपियरच्या काट्याकडे पाहत पिस्टन योग्य जागी आणायचा, आणि मग अंगातलं सगळं वजन टाकायचं. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा ती सुरू झाली आणि तिचा ठोका पोटात लागला. तिच्यावर घाई करता येत नाही. प्रत्येक गियर विचारून घ्यावा लागतो. ब्रेक लावायचं फार आधी ठरवावं लागतं. माझी गाडी माझ्या चुका सांभाळून घेते. ही त्या मला परत देते. तरीही चालवून उतरले तेव्हा वाटलं, आपण काहीतरी केलं.

गजाननला मी माझी गाडी दिली. तो लांबवर जाऊन परत आला, स्टँड लावला आणि बराच वेळ टाकीवर हात ठेवून उभा राहिला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"ताई, हे गाडी चालतच नाई," तो म्हणाला. "रस्ताच मांगं सरकते."

चारशेची मात्र रस्त्यावर आणली नाही. तिचं आरटीओचं पासिंग नाही, त्यामुळे शालू तिला डांबरावर चाक लावू देत नाही. मी म्हणाले, उद्या वावरात मी चालवते. संध्याकाळी कढी-गोळे, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. झोपायच्या वेळेला पाऊस आला आणि पडत राहिला.

दुसरा दिवस

सकाळी ऊन स्वच्छ पडलं. पांदण चिखल झाली होती. गजानन म्हणाला, "पानी थांबलं तं मारून घेतो औषध, नाईतर अळी काही ठेवत नाई." तोंडाला दुपट्टा बांधून, पंप पाठीवर घेऊन तो गेला. शालूनं त्याला मागून हाक मारून हातमोजे दिले. त्यानं ते खिशात कोंबले.

आम्ही दोघी चारशेचीच्या साखळीचा ताण पाहत बसलो होतो. दुपार व्हायच्या आधी पंपाचा आवाज बंद झाला. शालूनं मान वर केली आणि पऱ्हाटीकडे पाहिलं. थोड्या वेळानं गजानन पऱ्हाटीच्या ओळींमधून बाहेर आला. तो दारू प्यायल्यासारखा चालत होता. अंगातला शर्ट पार भिजलेला, तोंडातून लाळ गळत होती.

"मोठे," तो शालूला म्हणाला, "मले दोन दोन दिसून राह्यलं." आणि तो खाली बसला, मग आडवा झाला.

शालू ओरडली नाही. तिनं त्याचा शर्ट फाडून काढला, रंजनाला हौदाचं पाणी आणि साबण आणायला सांगितलं, आणि त्याचं अंग, केस, नखं धुतली. मला म्हणाली, "फोन लाव गाडीले." मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, गाव विचारलं, रस्ता विचारला. फाट्यापर्यंत येतो, म्हणाला. काळ्या मातीत गाडी आत येणार नाही. रुग्णाला फाट्यावर आणा, कुशीवर झोपवून आणा, औषधाच्या बाटल्या सोबत घ्या.

माझी गाडी अंगणातच होती. मी म्हणाले, "शालू, मध्ये धरून बसव त्याला. मी नेते." ती त्याचं अंग पुसत राहिली. मी आधी रस्ता पाहावा म्हणून एकटीच निघाले. पांदणीवर थोडंच गेले असेन. काळी माती चाकाला गुंडाळत गेली, मडगार्डखाली ठासली, आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. इंजिन जोरात ओरडत होतं, मागचं चाक जागच्या जागी खड्डा करत होतं. मग गाडी सावकाश माझ्यासकट आडवी झाली. जगातलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स त्या चिखलापुढे गप्प पडलं. मी पाय सोडवून उभी राहिले. रडू येत होतं.

तेवढ्यात मागून तो एक-एक ठोका ऐकू आला.

शालू चारशेची घेऊन येत होती. निवारीवर पोतं टाकून गजाननला कुशीवर झोपवलेलं, त्याच्या छातीवरून आणि गुडघ्यांवरून दोर, पायाशी औषधाच्या बाटल्या. रंजना बाजूनं चालत होती, अनवाणी. माती चाकांना चिकटत होती, वर चढत होती, आणि मडगार्डच्या त्या वीतभर फटीतून मागे फेकली जात होती.

"बस," शालू म्हणाली. "त्याचं तोंड खाली धरजो. लाळ घशात गेली नाई पाह्यजे. रंजू, तू घरी थांब, पोटात घेऊन चिखलात पयू नको."

तेव्हा मला कळलं की रंजनाला दिवस गेले आहेत. ती थांबली. तोंडावर पदर धरून वाटेतच उभी राहिली.

मी निवारीच्या मागच्या टोकाला बसून गजाननचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्याचा श्वास घोगरा लागत होता आणि मी प्रत्येक श्वासाची वाट पाहत होते. शालूनं पहिल्या गियरमध्येच गाडी ठेवली. तिची पाठ माझ्या समोर होती, ताठ, आणि ती एकसारखी बोलत होती. भावाशी नाही, गाडीशी. "चाल. चाल. हळू. अशी."

वाटेतल्या नाल्यात पाणी पोटरीभर होतं. पुढचं चाक पलीकडच्या काठाच्या खड्ड्यात गेलं आणि गाडी अडकली. शालूनं मूठ पिळली, गाडी आणखी खचली. माझ्या मांडीवर गजाननला उलटी झाली. मी त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "शालू..."

"थांब," ती म्हणाली.

तिनं खाली हात घालून रिव्हर्सचा दांडा ओढला. गाडी थरथरली आणि मागे निघाली. तीनही चाकांवर, पाण्यातून, उलटी. शालूनं हँडल वळवलं, दुसरी जागा पाहिली आणि पुन्हा पुढे घातली. बाजूच्या चाकानं काठ पकडला. मला ते माझ्याखाली कळलं, ते चाक ओढतंय ते. मग आम्ही वर होतो.

मी इतकी वर्षं इंजिनं शिकवते. यंत्र पाहून हात जोडावेत असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

फाट्यावर अँब्युलन्स नुकतीच येऊन उभी राहत होती. शालूनं गाडी डांबराच्या कडेला आणून थांबवली. डॉक्टर आणि ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन धावत आले. डॉक्टर तरुण होते, त्यांनी बाहुल्या पाहिल्या, बाटल्या पाहिल्या, लगेच सुई लावली. "अंग धुतलं का?" त्यांनी विचारलं. "धुतलं," शालू म्हणाली. "बरं केलं," ते म्हणाले. ड्रायव्हर स्ट्रेचर सरकवता सरकवता त्या तीनचाकीकडे बघत म्हणाला, "हे कोनत्या कंपनीची हो?"

शालू आत चढली आणि मला किल्ली दिली. "तू ने घरी. रंजूले सांग, सुई लागली म्हन. वळतानी डावीकडे अंग टाकजो, रिकामी असली की ते चाक उचलते."

दार लागलं. अँब्युलन्स गेली. रस्त्यावर मी आणि चारशेची, दोघीच राहिलो.

मी किक मारली. आयुष्यभर ज्या गाडीचा विचार केला तिच्यावर मी अशी पहिल्यांदा बसले, कपडे उलटीनं आणि चिखलानं भरलेले. हँडल जड होतं. रिकामं चाक खरंच उचललं जात होतं, मी अंग टाकून ते खाली दाबत होते. नाल्यात तिनं पाणी असं कापलं की जणू तिला रोजचंच. मी रडत होते आणि त्याच वेळी मला कळत होतं की ती किती चांगली गाडी आहे. दोन्ही एकदम होत होतं.

रंजना अजून तिथंच उभी होती, जिथं तिला सोडलं होतं. मी म्हणाले, "सुई लागली. डॉक्टर सोबत आहेत." ती निवारीवर बसली आणि आम्ही घरी आलो. मग तीच म्हणाली, "ताई, तुमची गाडी पडलेली आहे ना वाटेत. दोर आनते." चारशेचीनं माझी साडेसहाशे चिखलातून ओढून काढली. त्या संध्याकाळी रंजना आणि मी काडीनं मडगार्डमधली माती खरवडत बसलो, कारण नुसतं बसवत नव्हतं. शालूचा फोन आला तेव्हा दोघी उभ्या राहिलो. गजाननला यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. श्वास चालू होता. एवढंच सांगून तिनं ठेवला.

यवतमाळ, कळंब

दुसऱ्या दिवशी उन्हानं वाटेवर वाळल्या मातीची साय धरली. रंजनाला शेजारच्या काकूंसोबत फाट्यावरून बसमध्ये बसवलं आणि मी बसच्या मागे मागे यवतमाळपर्यंत आले. त्या रस्त्याचं वर्णन मला करता येणार नाही. मी फक्त बसचा मागचा नंबर पाहत होते.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात फवारणीतले आणखी लोक होते. नातेवाईक भिंतीला टेकून बसलेले, डबे, चटया. शालू त्यांच्यातच बसली होती. गजानन आत, श्वासाच्या यंत्रावर. आईनं रोज डबा पाठवला, मी नेला. शालू खायची आणि अर्धा शेजारच्या बाईला द्यायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "तू उद्या कळंबले जाऊन ये."

"चिंतामणीला? तू कधीपासून देवदेव करायला लागलीस?"

"नवस-बिवस काही नाई. मले इथून हलता येत नाई. तू जाऊन ये, बस."

कळंब यवतमाळहून जवळ आहे, सकाळी गेलं तर जेवायला परत येता येतं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेर उकाडा होता. उतरत गेले तसा गारवा वाढत गेला, पाण्याचा आणि दुर्वांचा वास आला, आणि वरच्या रस्त्याचा आवाज बंद झाला. मी देवापुढे उभी राहिले आणि मला काहीच मागता आलं नाही. डोळ्यांपुढे सारखी शालूची पाठ येत होती, नाल्यात रिव्हर्सचा दांडा ओढतानाची. मागून एक बाई म्हणाली, "बाई, पुढं सरका." मी सरकले.

परत आले तेव्हा शालू वऱ्हांड्यात नव्हती. मी आतल्या दाराकडे निघाले. मग ती आतून आली. "नळी काढली. डोळे उघडले," ती म्हणाली. "पानी मागून राह्यला." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

निघण्याआधी मला त्याला पाच मिनिटं भेटू दिलं. त्याचा आवाज खोल गेला होता. नजर अजून अंधुक होती, मी कोण ते त्यानं आवाजावरून ओळखलं.

"ताई, मोठी म्हनते का मले चारशेचीवर आनलं. मले काही याद नाई." तो थांबून थांबून बोलत होता. "तुमी सगळ्या गाड्यायचं लिहिता. तिचं पन लिहा ना. कशी चालली ते."

घरी

म्हणून हे लिहिलं. तुमच्यातले काही जण अजूनही खाली विचारतील की शेवटी चांगली कोणती, जुनी की नवी. रस्ता लांब असेल तर माझी नवी गाडी घ्या. ती तुमच्यासाठी इतका विचार करते की कधी कधी मला तिचा धाक वाटतो. चालवणं शिकायचं असेल तर जुनी बुलेट कोणाकडे तरी मागून एकदा चालवा. आणि चारशेची विकत मिळत नाही. तिचे ब्रेक कमजोर आहेत, रिकामी असताना ती डावीकडून उचलली जाते, वेग म्हणाल तर बैलगाडीच्या थोडा वर. तिच्या ब्रेकचं आणि बाजूच्या चाकाच्या कोनाचं गणित मी सध्या रोज संध्याकाळी करते आणि शालूला फोनवर सांगते. ती म्हणते, "हे असं नाई होत," आणि मग तसंच करून पाहते. आम्ही पूर्वीसारख्या भांडतो.

गजानन घरी आला आहे. नजर सुधारली. पंप त्यानं विकला नाही, पण यंदाची बाकीची फवारणी केली नाही. उरलेली पऱ्हाटी अळीनं खाल्ली. जो थोडा कापूस वेचला त्यात कवडी फार निघाली, म्हणजे अळीनं डागळलेला, पिवळा पडलेला कापूस. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही.

परवा शालूचा फोन आला. गावातले लोक विचारायला येऊन गेले, की वेळ पडली तर गाडी देशील काय. तिनं हो म्हटलं आणि कवडीची गादी भरून घेतली, चारशेचीच्या निवारीच्या मापाची, डोक्याकडे थोडी उंच. वरून रेक्झिनची खोळ शिवली, धुता येईल अशी.

"एक नाई, दोन खोळी शिवल्या," ती म्हणाली. "एक वाळत घातली असली तं दुसरी पाह्यजे ना."